माध्यम आणि रूप : कवकसंवर्धनाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

युरोपीय भाषांमध्ये ‘कल्चर’ हा एकच शब्द शेताची मशागत, मनावरील संस्कार, समाजाची संस्कृती आणि काचपात्रात वाढवलेली बुरशी अशा चारही अर्थांनी वापरला जातो. कसणे, राखणे, जोपासणे या अर्थाचे ‘कोलेरे’ हे लॅटिन क्रियापद त्यांच्या मुळाशी आहे. मराठीने या अर्थांची वाटणी केली. समाजाच्या संदर्भात ‘संस्कृती’ आणि सूक्ष्मजीवांच्या संदर्भात ‘संवर्धन’ असे दोन स्वतंत्र शब्द तिने स्वीकारले. घरातील व्यवहारासाठी ‘विरजण’ हा शब्द तिच्याजवळ आधीपासून होताच. मात्र विरजणात जीव आणि त्याचे अन्न हे दोन घटक वेगळे केलेले नसतात. गोव्यातील सान्नांच्या पिठात घातली जाणारी माडाची सूर हीदेखील एकाच वेळी यीस्टचे अन्न, घर आणि बीज असते. हे घटक एकमेकांपासून वेगळे करणे, त्यांतील अन्न मोजूनमापून तयार करणे आणि त्यावर एकच एक जीव वाढवणे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना होय.

कवके आणि यीस्ट यांच्यासाठी तयार केलेल्या पोषक माध्यमांचा इतिहास सामान्यतः तांत्रिक सुधारणांची मालिका म्हणून सांगितला जातो. प्रथम द्रव माध्यम, मग जिलेटिन, मग आगर आणि शेवटी कारखान्यातून येणारी तयार भुकटी असा त्याचा क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही, परंतु त्यामागे एक अधिक मूलभूत वाद आहे. माध्यमावर जे रूप दिसते ते त्या जिवाचे मानावे की माध्यमाचे, हा तो वाद. दोन गोष्टींची तुलना करायची तर त्या समान भूमीवर ठेवाव्या लागतात. पण ती भूमी स्वतःच रूप घडवत असेल तर काय करावे, हा प्रश्न तुलनाकारांना परका नाही. कवकशास्त्राने त्याला कोणती उत्तरे दिली आणि त्यांची किंमत काय होती, हे येथे पाहावयाचे आहे.

२

या वादाचा आरंभ बहुरूपतेच्या शोधात आहे. फ्रान्समधील त्युलान बंधूंनी १८६१ ते १८६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवले की, वेगवेगळ्या वंशांत गणली गेलेली अनेक कवके वस्तुतः एकाच जिवाच्या निरनिराळ्या अवस्था आहेत. हा शोध खरा होता, परंतु त्याने एक धोकादायक मोकळीकही दिली. एका कवकाची अनेक रूपे असू शकतात हे मान्य झाल्यावर, एका भांड्यात एकापाठोपाठ उगवणारी सर्व रूपे एकाच जिवाची आहेत असे म्हणण्यापासून कोणाला कसे अडवायचे?

येना येथील वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हालिअर यांनी नेमके हेच केले. पटकीच्या रुग्णांच्या विसर्जनाचे नमुने त्यांनी संवर्धनासाठी ठेवले, त्यांत उगवलेल्या बुरशांची एक सलग जीवनकथा रचली आणि १८६७ मध्ये पटकीचे कारण एक कवक असल्याचे प्रतिपादन केले. हे कवक मूळचे भारतातील भातपिकावरचे असावे, असा त्यांचा तर्क होता. आन्टोन द बारी यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. भांड्यात जे क्रमाने दिसते ते एकमेकांपासूनच जन्मले, हे क्रमाने सिद्ध होत नाही. हवेतून पडलेले परके बीजाणूही त्याच अन्नावर वाढू शकतात, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

या वादाची पुढची तपासणी भारतात झाली. टिमोथी लुइस आणि डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या दोन तरुण ब्रिटिश डॉक्टरांना हालिअर आणि द बारी यांची भेट घेऊन भारतात जाण्यास सांगण्यात आले, आणि १८६९ च्या आरंभी ते कलकत्त्यास पोहोचले. ज्या भूमीवर रोगाचे मूळ कल्पिले होते तेथेच विसर्जनांचे परीक्षण झाले आणि हालिअर यांच्या कवकाला आधार मिळाला नाही. कनिंगहॅम यांनी पुढे कलकत्त्याच्या तुरुंगांच्या परिसरातील हवेचे सूक्ष्मदर्शी परीक्षण करून १८७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. हवेत बीजाणू विपुल असतात, मात्र त्यांच्या संख्येचा रोगाच्या साथीशी संबंध जुळत नाही, असे त्यांना आढळले. भांड्याच्या तोंडाशी सदैव उभ्या असलेल्या या अदृश्य गर्दीची जाणीव माध्यमांच्या इतिहासात निर्णायक ठरली. हालिअर यांचा दोष निरीक्षणाचा नव्हता. त्यांनी पाहिलेल्या बुरशा खऱ्याच होत्या. ज्या अन्नावर त्या उगवल्या, ते कोणालाही खुले होते.

३

याच काळात पॅरिसमध्ये दुसऱ्या दिशेने काम चालू होते. लुई पाश्चर यांनी १८६० च्या आपल्या प्रबंधात साखर, अमोनियाचा एक क्षार आणि यीस्टची राख एवढ्याच घटकांच्या द्रावणात यीस्ट वाढवून दाखवले. त्यांचे शिष्य ज्यूल रोलँ यांनी काळी बुरशी, म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर, घेऊन हा विचार टोकाला नेला. त्यांच्या १८७० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या द्रावणात १५०० ग्रॅम पाण्यास ७० ग्रॅम खडीसाखर आणि ४ ग्रॅम टार्टारिक आम्ल असे, तर झिंक सल्फेट अवघे ०.०७ ग्रॅम. हा किंचितसा जस्तक्षार वगळताच बुरशीचे वजन लक्षणीयरीत्या घटे. प्रत्येक घटक एकेक करून काढून टाकणे आणि काय बिघडते ते तोलून पाहणे, ही रोलँ यांची पद्धती. अन्नाची संपूर्ण रचना ज्ञात असणारे माध्यम येथे प्रथमच पूर्णत्वास गेले.

परंतु द्रव माध्यमात जीव एकमेकांत मिसळतात. त्यांना विलग करण्यासाठी जागा निश्चित करणारे माध्यम हवे होते. ओस्कार ब्रेफेल्ट यांनी १८७० च्या दशकात एकाच बीजाणूपासून संवर्धनास आरंभ करण्याचा आग्रह धरला. फळांचे रस आणि शेणाचे काढे निर्जंतुक व पारदर्शक करून त्यांनी वापरले आणि त्यांत जिलेटिन घालून ते घट्ट केले. बीजाणू कोठे आहे आणि त्यातून काय निघाले, हे आता सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पाहता येऊ लागले. हालिअर यांच्या प्रश्नाला खरे उत्तर या डोळ्यांदेखतच्या सातत्याने दिले.

जिलेटिन मात्र उन्हाळ्याच्या उष्म्यात पातळ होई आणि अनेक सूक्ष्मजीव ते पचवून टाकीत. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्थर हेस या अडचणीने त्रस्त असताना त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आगर सुचवले. त्या स्वतः मुरंब्यासारख्या पदार्थांत ते वापरीत, आणि ही कृती जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना मिळाली होती. समुद्रशैवालापासून मिळणारा हा पदार्थ मराठी घरांत ‘चायना ग्रास’ म्हणून ओळखला जातो. ‘आगर-आगर’ हे नाव मूळ मलाय भाषेतील आहे. तो सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळतो, ४० अंशांच्या खाली थिजतो आणि बहुतेक सूक्ष्मजीवांना तो पचवता येत नाही. कॉक यांनी १८८२ च्या क्षयविषयक निबंधात आगराचा उल्लेख केला, हेस दांपत्याचा केला नाही. आग्नेय आशियातील स्वयंपाकघरापासून बर्लिनच्या प्रयोगशाळेपर्यंतचा हा प्रवास एका गृहिणीच्या स्मरणातून झाला, आणि तिच्या नावाची दखल इतिहासाने बऱ्याच उशिरा घेतली.

यीस्टच्या क्षेत्रात हीच शुद्धता उद्योगाची गरज बनली. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी दाखवले की, बिअर बिघडण्यास अनेकदा तिच्यात मिसळलेले जंगली यीस्ट कारणीभूत असते. एका पेशीपासून वाढवलेले यीस्ट नोव्हेंबर १८८३ मध्ये तेथील कारखान्यात वापरात आले. याच हान्सेन यांनी एका सहकाऱ्यासह डार्विन यांच्या ‘बीगल’ प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवादही केला होता. ‘शुद्ध संवर्धन’ या कल्पनेचा दबदबा पुढे एवढा वाढला की, जर्मन भाषेत ‘राइनकुल्टुर’ हा शब्द कोणत्याही गोष्टीच्या निखळ स्वरूपासाठी वाक्प्रचार म्हणून रूढ झाला.

४

जीव शुद्ध झाला, परके बीजाणू दूर राहिले. तरीही रूपाचा प्रश्न सुटला नाही. तो अधिक सूक्ष्म होऊन पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात पुन्हा उभा राहिला. रेमों साबूरो हे तेथे डोक्याच्या गजकर्णाचा अभ्यास करीत होते. या रोगाची मुले संसर्गाच्या भीतीने शाळेपासून दूर ठेवली जात. त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या आवारातच शाळा चालवावी लागे. कवक कोणते, यावर रोगाचा स्रोत, त्याचा प्रसार आणि संसर्गाचा काळ ठरत असे. म्हणून ओळख अचूक असणे हा त्या मुलांच्या बालपणाचा प्रश्न होता.

साबूरो यांना आढळले की, साखर बदलली की तेच कवक निराळे दिसते. त्याचा रंग, घड्या, केसाळपणा किंवा भुकटीसारखा पृष्ठभाग, काहीही स्थिर राहत नाही. त्यावर त्यांनी योजलेला उपाय वरवर पाहता साधा होता: सर्वांनी एकच माध्यम वापरावे. पाण्यात ४ टक्के माल्टोज, १ टक्का पेप्टोन आणि घट्टपणासाठी आगर. परंतु केवळ प्रमाण सांगून त्यांचे समाधान झाले नाही. माल्टोज ‘शानू’ या उत्पादकाचे अशुद्ध स्वरूपातील आणि पेप्टोन ‘शासेंग’ यांचेच असावे, असा त्यांचा आग्रह होता. पेप्टोन म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिने. त्याची रचना उत्पादकागणिक बदलते. त्यामुळे दुसऱ्या देशातील संशोधकाने आपल्याकडील घटक वापरले तर साबूरो यांच्या १९१० च्या ‘ले तेन्य’ या ग्रंथातील चित्रांशी त्याचे कवक जुळेलच असे नव्हते. ग्रंथातील वर्णन वाचण्यासाठी वाचकाजवळ त्या दोन फ्रेंच उत्पादकांचा माल असणे आवश्यक होते.

साबूरो यांनी हे माध्यम नैसर्गिक असल्याचा दावा केला नाही. त्यांनी त्याला कसोटीचे माध्यम म्हटले. माणसाच्या केसात कवक असे कधीच दिसत नाही; सर्वांना सारखे दिसावे यासाठी केलेला तो करार होता. या कराराची मर्यादाही त्यांना ठाऊक होती. साखरेच्या सुबत्तेत दीर्घकाळ ठेवलेली कवके पांढऱ्या, वांझ लोकरीने झाकली जात आणि त्यांची ओळख कायमची पुसली जाई. म्हणून नमुने जतन करण्यासाठी त्यांनी साखर नसलेले दुसरे माध्यम ठरवले. ओळखण्यासाठी एक आणि टिकवण्यासाठी दुसरे, असा भेद त्यांनी केला.

५

विसाव्या शतकात या भेदाचा विस्तार झाला. गेओर्ग क्लेब्स यांनी १८९६ मध्येच दाखवले होते की, भरपूर अन्न मिळाले की कवक केवळ वाढते. अन्न तुटले की प्रजननाकडे वळते. त्याचा व्यावहारिक उपयोग आजही होतो. २०० ग्रॅम बटाट्यांचा गाळलेला काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ग्रॅम आगर मिळून एक लिटर होणारे, १२१ अंशांवर १५ मिनिटे निर्जंतुक केलेले माध्यम बुरशीची भरघोस वाढ देते. परंतु कँडिडा अल्बिकन्स या यीस्टचे जाड भित्तीचे वैशिष्ट्यपूर्ण बीजाणू पाहण्यासाठी मक्याच्या किंवा तांदळाच्या पिठाचे गरीब माध्यमच लागते.

प्रमाणित माध्यमाने काय झाकले, याचीही उदाहरणे आहेत. त्वचेवरील मॅलासेझिया हे यीस्ट एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते, तरी त्याचे संवर्धन नीट साधत नव्हते. त्याला स्निग्धाम्लांची गरज आहे, हे ऱ्होडा बेनहॅम यांनी १९३९ मध्ये स्पष्ट केले. माध्यमावर तेलाचा थर दिला की ते वाढते. जिवाणू व सामान्य बुरशा रोखण्यासाठी साबूरो माध्यमात पुढे प्रतिजैविके आणि सायक्लोहेक्सिमाइड घातले जाऊ लागले. या दुसऱ्या द्रव्याने मेंदूज्वर घडवणारे क्रिप्टोकॉकस हे यीस्टही दबते. शुद्धतेच्या रक्षणासाठी उभारलेली भिंत येथे रुग्णाच्या विरोधात जाऊ शकते.

त्याच क्रिप्टोकॉकसची ओळख एका अनपेक्षित माध्यमाने सोपी केली. फ्रीड्रिख श्टाइब यांनी १९६२ मध्ये दाखवले की, पाळीव पक्ष्यांच्या खाद्यातील एका बीपासून केलेल्या आगरावर हे यीस्ट तपकिरी होते, तर कँडिडा पांढरेच राहते. ती बी म्हणजे महाराष्ट्रातील चटणीचे कारळे. त्यातील एका फिनॉलयुक्त द्रव्यापासून हे यीस्ट मेलॅनिन बनवते. साबूरो माध्यमावर दोघांत न दिसणारा फरक कारळ्यांवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

६

बहुरूपतेतून उद्भवलेला नावांचा प्रश्न दीर्घकाळ तडजोडीवर चालला. अनेक कवकांच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना दोन स्वतंत्र शास्त्रीय नावे ठेवण्यास नियमांची मुभा होती, कारण अनेकदा संवर्धनात एकच अवस्था दिसे. जनुकीय क्रमवाचनामुळे दोन्ही अवस्थांचे ऐक्य माध्यमाविना सिद्ध होऊ लागले. २०११ च्या मेलबर्न येथील अधिवेशनातील निर्णयानुसार १ जानेवारी २०१३ पासून दुहेरी नावांची व्यवस्था संपुष्टात आली. त्युलान बंधूंनी मांडलेल्या प्रश्नाची ही दीडशे वर्षांनंतरची परिणती होय.

म्हणून माध्यमे कालबाह्य झाली, असे मात्र नाही. जिवंत नमुना हवा असेल तर तो कशावर तरी वाढवावाच लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहासारख्या संस्था नमुन्याच्या नावासोबत त्याचे माध्यमही नोंदवतात. रूपाचे वर्णन माध्यमाच्या उल्लेखाविना अपुरे आहे, ही साबूरो यांची शिकवण त्या नोंदीत टिकून आहे.

साहित्यकृती म्हणजे कवक नव्हे आणि हे साम्य फार ताणणे योग्य होणार नाही. तथापि तुलनेच्या शास्त्राला या इतिहासातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली अशी की, हालिअर यांच्यासारखी चूक टाळायची तर तुलनेची भूमी मर्यादित करावी लागते. खुल्या भांड्यात सर्व काही सर्वांपासून उद्भवलेले दिसते. दुसरी अशी की, एकदा भूमी ठरली की तिच्यावर जे उगवत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याचा मोह होतो. कादंबरी, शोकात्मिका किंवा भावगीत यांची मापे एका परंपरेत घडली आणि दुसऱ्या परंपरांत त्यांचा ‘अभाव’ नोंदवला गेला, तेव्हा हेच घडले. साबूरो यांनी आपल्या माध्यमाला कसोटी म्हटले, निसर्ग म्हटले नाही. तुलनाकारालाही आपल्या कसोटीचे घटक, त्यांच्या उत्पादकांच्या नावांसह, नोंदवून ठेवावे लागतील.