मरण वाईट आहे काय? : कृष्णाकाठच्या चार मृत्यूंच्या निमित्ताने

मरण वाईट आहे की नाही, हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात एपिक्यूरसच्या नावाशी जोडला गेला आहे. त्याचा युक्तिवाद साधा आहे. बरे-वाईट म्हणजे जे अनुभवास येते ते. मृत्यू म्हणजे अनुभवाचाच शेवट. तेव्हा मेलेल्याचे वाईट झाले असे म्हणावे, तर ते भोगणारा कोणी उरतच नाही. थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली एका निबंधात याला उत्तर दिले. मृत्यूत यातना नसली तरी जगता आले असते असे पुष्कळ काही तो हिरावून घेतो, आणि म्हणून तो वाईट, असे त्याचे म्हणणे. साहित्याच्या अभ्यासकाला या दोन्ही बाजूंमध्ये एक उणीव जाणवते. दोघांनीही मरणारा माणूस एकटा कल्पिला आहे. त्याच्या उशाशी कोणी बसलेले नाही, त्याच्या मरणात कोणाचा लाभ-तोटा नाही, आणि ‘मला मरणाचे काही वाटत नाही’ हे त्याचे वाक्य ऐकून घेणाराही कोणी नाही.

इतिहासात असे एकटे मरण क्वचितच सापडते. म्हणून आम्ही हा प्रश्न सातारा-सांगलीच्या परिसरात आणून पाहणार आहोत. येथे चार मृत्यूंचा विचार केला आहे. त्यांपैकी दोन याच भूमीवर घडले, तर उरलेल्या दोन व्यक्तींचे देहावसान अन्यत्र झाले असले तरी त्यांचा या भूमीशी जवळचा संबंध होता.

पहिला मृत्यू सज्जनगडावरचा. माघ वद्य नवमी, शके १६०३, म्हणजे सन १६८२ मध्ये समर्थ रामदासांनी तेथे देह ठेवला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील नववा समास मृत्युनिरूपणाचा आहे. या समासात समर्थ मृत्यूला वाईट म्हणत नाहीत आणि चांगलाही म्हणत नाहीत. राजा, पंडित, धनवान, योगी अशी माणसांची एक लांबलचक यादी ते देतात आणि मृत्यू यांपैकी कोणाचीही पत्रास बाळगत नाही, हे एकाच क्रियापदाच्या आवर्तनाने ऐकणाऱ्याच्या मनावर ठसवत जातात. सगळे गेले, आत्मज्ञानी तेवढे उरले, हा या समासाचा शेवट. मरण अटळ आहे तेव्हा हाती असलेल्या आयुष्याचे सार्थक आताच करा, असा हा उपदेश असून त्याचा रोख मेलेल्यांकडे नाही, तो जगणाऱ्यांकडे आहे.

तरीही परंपरेने समर्थांच्या निर्याणाची जी कथा जपली आहे, तिच्यात शिष्य शोक करताना दिसतात. आत्मा अमर असल्याचे ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले तेच रडत होते. समर्थांनी त्यांना आपल्या ग्रंथाकडे बोट दाखवून धीर दिला, असे ही कथा सांगते. आम्हांला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. मरणाऱ्याने मरणाचा प्रश्न सोडवला तरी मागे राहणाऱ्यांचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते. एपिक्यूरसच्या युक्तिवादात या दुसऱ्या प्रश्नाला जागा नाही.

सज्जनगडापासून फार दूर नाही असे ठिकाण म्हणजे कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली. १५ डिसेंबर १७४९ रोजी छत्रपती शाहू महाराज साताऱ्यात निवर्तले आणि त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. ग्रँट डफ १८१८ नंतर काही वर्षे साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या घटनेमागचे राजकारण सांगितले आहे. त्याच्या कथनानुसार, वारस म्हणून पुढे आलेल्या रामराजांना सकवारबाईंचा विरोध होता. आपले बेत झाकण्यासाठी, महाराजांचे काही बरेवाईट झाले तर आपण सहगमन करू, असे त्या बोलून बसल्या. पेशव्यांच्या पक्षाने ते बोलणे सर्वत्र पसरू दिले. महाराज गेल्यावर, दिलेला शब्द मोडला तर घराण्याची अब्रू जाईल, हा धाक त्यांच्यापुढे उभा करण्यात आला.

या प्रकरणात पेशव्यांचा हात नेमका किती, याची चर्चा इतिहासकारांनी करावी. आमचे लक्ष एका वाक्यावर आहे. ‘मी सती जाईन’ हे वाक्य प्रथमपुरुषी आहे, आणि ते सकवारबाईंच्याच तोंडचे म्हणून नोंदले गेले आहे. मरण स्वेच्छेने पत्करले असेल तर ते वाईट नाही, असा नियम आपण केला तर माहुलीची चिता त्या नियमात बसते. तरीही ती बसू नये असे आपल्याला आतून वाटते. कारण ते वाक्य एकदा उच्चारल्यावर मागे घेण्याची सोय बोलणारीला उरली नव्हती. इच्छा प्रकट करण्याचे स्वातंत्र्य होते, ती बदलण्याचे नव्हते.

तिसरी साक्ष कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांची. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले, त्या काळात ते ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात गुंतले होते. पुढे ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. जगावे की न जगावे या स्वगताला मराठी रूप देणारा हा लेखक स्वतः अज्ञेयवादी होता. हॅम्लेटला मरणापलीकडच्या अज्ञात प्रदेशाचे भय वाटते. आगरकरांच्या लेखनात त्या प्रदेशाविषयी भय दिसत नाही आणि आशाही दिसत नाही. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. अखेरच्या दिवसांत आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची रक्कम त्यांनी पुडीत बांधून ठेवली होती, अशी आठवण सांगितली जाते. १७ जून १८९५ रोजी ते दम्याच्या विकाराने गेले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मरणाविषयी इतक्या निर्विकार असलेल्या माणसाने ‘सुधारक’मधून सारी शक्ती वेचली ती जगण्याच्या प्रश्नांवर: बालविवाह, संमतिवय, विधवांचे केशवपन. सतीबंदीच्या कायद्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. चिता विझली, पण जिला तिच्यावरून उतरवले तिच्या वाट्याला कोणते जगणे आले, हा प्रश्न तसाच राहिला होता. विधवेचे जिणे आधी असह्य करून ठेवायचे आणि मग तिला मरणच बरे वाटते म्हणून तिची स्तुती करायची, हा रूढीचा कावा होता. आगरकरांच्या सामाजिक लेखनाकडे या दृष्टीने पाहिले तर आपल्या प्रश्नाला नवी बाजू दिसते. मरण चांगले की वाईट हे ठरवताना, त्याच्या तुलनेला ठेवलेले जगणे कोणी आणि कसे घडवले, हेही विचारावे लागते. आणि आगरकरांच्या स्वतःच्या मरणाला नेगेलचे उत्तर तंतोतंत लागू पडते. त्यांना परलोकाचे भय नव्हते, तरी ‘सुधारक’चे काम अर्ध्यावर राहिले. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी वाद झाला त्या टिळकांना ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख लिहावा लागला.

चौथा मृत्यू आचार्य शांतिसागर महाराजांचा. सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे १९२४ साली त्यांना आचार्यपद मिळाले. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैन समाजात दिगंबर मुनिपरंपरेला नवे चैतन्य आणणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. दृष्टी मंदावत चालली होती, आणि दृष्टी गेली की जीवजंतू राखून चालणे व आहार घेणे मुनीला शक्य राहत नाही. १९५५ साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना घेतली आणि छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, देह सोडला.

सल्लेखनेचे शास्त्र मुळातून पाहण्यासारखे आहे. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त ती कोणत्या प्रसंगी घ्यावी हे सांगितले आहे: प्रतिकार न करता येणारे संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग. त्याच ग्रंथात या व्रताचे दोषही मोजले आहेत, आणि त्यांत जगण्याच्या इच्छेइतकीच मरणाची इच्छाही दोष मानली आहे. म्हणजे मरण चांगले म्हणून ओढीने त्याकडे जाणाऱ्याचे व्रत सदोष ठरते. मर्यादित मुदतीची ‘नियम’ सल्लेखना आणि आजन्म ‘यम’ सल्लेखना असा भेदही परंपरेने केला आहे. पहिल्या प्रकारात मुदत संपल्यावर माघारी येता येते.

टीकाकारांचा आक्षेप मात्र उडवून लावता येणार नाही. आचार्यांसारख्या, आयुष्यभर संयम साधलेल्या मुनीविषयी तो फारसा टिकत नाही. पण व्रताची वार्ता गावभर झाली, दर्शनाला रांगा लागल्या, की एखाद्या वृद्ध श्राविकेला ‘मला आता नको’ असे म्हणता येईल काय? राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा दंडनीय ठरवला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या वेळच्या वादात एका बाजूने धर्मस्वातंत्र्याचा आणि दुसऱ्या बाजूने आत्महत्येचा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला, की परतीच्या वाटेचा हा प्रश्न मागे पडला. आमच्या मते सल्लेखना आणि सहगमन यांतील भेदाची खरी कसोटी तीच आहे.

हा विचार केवळ गतकाळाचा नाही. मिरज हे शतकाहून अधिक काळ वैद्यकाचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील अतिदक्षता विभागांच्या बाहेर आज जे नातेवाईक बसलेले असतात, त्यांना आपल्या माणसाचे मरण तृतीयपुरुषात ठरवावे लागते: ‘त्यांना आता यातना नकोत.’ या वाक्यात करुणा असू शकते, थकवा असू शकतो, खर्चाची चिंताही असू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अंतिम उपचारांविषयीच्या पूर्वलिखित इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. रुग्ण बोलू शकत असतानाच त्याचे प्रथमपुरुषी वाक्य मिळवून ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. हे इच्छापत्र लिहिणाऱ्याला ते केव्हाही रद्द करता येते, ही त्यातील सर्वांत मोलाची तरतूद होय. सकवारबाईंना मिळाली नाही ती हीच.

मरण वाईट आहे काय, याला आम्ही एका शब्दात उत्तर देणार नाही. आगरकरांचे अकाली जाणे वाईटच होते, आणि आचार्यांच्या मरणाला वाईट म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. ‘मरण वाईट नाही’ हे वाक्य मात्र ज्याचे त्यानेच बोलावे, आणि बोलल्यानंतरही त्याला ते मागे घेता यावे. दुसऱ्याच्या वतीने ते बोलण्याचा अधिकार धर्माला नाही, राजकारणाला नाही आणि शोक करणाऱ्या आप्तांनाही नाही.