१८४१ ची इंग्लंडमधील शिरगणती व कुलेतिहास
इंग्लंडमधील १८०१ ते १८३१ च्या शिरगणत्यांत मुख्यत्वे संख्या मोजल्या गेल्या; १८४१ मध्ये देशभर व्यक्तींची नावे नोंदविली गेली. कुलेतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल येथेच आहे. तथापि पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना गणकांस होती. त्यामुळे '३०' हा आकडा सामान्यतः ३० ते ३४ यांपैकी कोणतेही वय दर्शवितो. कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही त्यात नाही. परिणामी विधुराच्या घरी राहणारी त्याची बहीण पत्नी ठरून साऱ्या वंशावळीस चुकीचे वळण लागण्याचा संभव असतो. नाते, वैवाहिक स्थिती व जन्माचे पॅरिश यांची नोंद १८५१ पासून होऊ लागली. म्हणून १८४१ चे कुटुंब १८५१ च्या नोंदीशी आणि मधल्या काळात मृत झालेल्यांच्या बाबतीत पॅरिशच्या विवाह व बाप्तिस्मा दप्तरांशी ताडून पाहिल्यावाचून ग्राह्य धरू नये.