प्रिएगो दे कोर्दोबा

दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशाच्या कोर्दोबा प्रांतातील डोंगराळ भागात वसलेले नगर. लोकसंख्या सुमारे 22,000. अरब अमदानीत ते मदीनत बागुह म्हणून ओळखले जाई. तेराव्या शतकापासून ख्रिस्ती व मुस्लिम सत्तांमध्ये त्याचा ताबा बदलत राहिला. 1341 मध्ये कास्तिलचा राजा अकरावा आल्फोन्सो याने ते कायमचे जिंकले. उभ्या कड्यावरील ‘ला व्हिया’ या जुन्या वस्तीच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांत मुस्लिम काळातील रचना अजून टिकून आहे.

नगराचे खरे वैभव अठराव्या शतकातले, आणि ते रेशमावर उभे राहिले. तफ्ता व मखमलीच्या व्यापारातून आलेला पैसा चर्च आणि मठांच्या सजावटीत ओतला गेला. माद्रिदची सान फेर्नांदो अकादमी अभिजातवादाचा पुरस्कार करत होती, त्या काळात इथले कारागीर बरोक शैली अधिकच फुलवत होते. त्यांचे मुख्य द्रव्य संगमरवर नव्हे, तर साधा गिलावा. स्थानिक शिल्पकार फ्रान्सिस्को हाविएर पेद्राहास याने आसुन्सिओन चर्चमध्ये घडवलेले साग्रारिओ (परमप्रसादाचे उपासनागृह) 1784 मध्ये पूर्ण झाले. अष्टकोनी दालन, भोवती प्रदक्षिणामार्ग, वर घुमट आणि भिंतींपासून छतापर्यंत पांढऱ्या गिलाव्यातील पाने, वेली, मूर्ती. रंग जवळजवळ नाहीच, खिडक्यांतून येणारा उजेडच नक्षीला उठाव देतो. इतक्या दाट सजावटीनंतरही दालन जड वाटत नाही, हे पेद्राहासचे श्रेय. स्पॅनिश बरोकच्या उत्तरकाळातील अव्वल दर्जाच्या कामांत याची गणना करायला हवी. औरोरा चर्चचे अंतरंगही असेच नक्षीने भरलेले आहे.

‘फुएन्ते देल रेय’ म्हणजे राजाचे कारंजे. रेमिहिओ देल मार्मोल याने ते 1803 मध्ये पूर्ण केले. उतरत्या पातळीवरील तीन कुंडांत 139 तोट्यांतून पाणी पडते. मधल्या कुंडात नेपच्यून व अँफिट्रिटी रथारूढ आहेत. कुंडांच्या वळणदार कडांत बरोकचा जोम आहे. शिल्पांत मात्र अभिजातवादाची चाहूल लागते.

शिल्पकार होसे आल्वारेस कुबेरो (जन्म 1768) आणि दुसऱ्या स्पॅनिश प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष निसेतो आल्काला-सामोरा (जन्म 1877) हे इथलेच. रेशीमधंदा केव्हाच मागे पडला; आज परिसराची ओळख ऑलिव्ह तेलाची आहे. चर्चच्या साध्या बाह्य भिंती पाहून मत बनवू नये. आत जाता येईल अशी वेळ साधूनच प्रिएगोला जावे.