विहंगिका ते बंगी : टपालाने जाणाऱ्या उबवणीच्या अंड्यांची कुळकथा

पार्सल हा शब्द सर्वत्र रुळण्यापूर्वी हिंदुस्थानात टपालाने जाणाऱ्या जड जिनसेला बंगी म्हणत, आणि या शब्दाचा माग काढत मागे गेल्यास थेट पक्ष्यापाशी पोहोचावे लागते. कोंबडीची फलित अंडी, म्हणजे ज्यांतून पिल्लू निघू शकते अशी उबवणीची अंडी, आज वर्धा जिल्ह्यातील पुलगावसारख्या गावातून दूरच्या उबवणी यंत्राकडे पाठवायची झाली, तर त्यांच्या बांधणीचे मर्म या विसरलेल्या शब्दात जवळजवळ पूर्णपणे सामावलेले आढळते.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात बंगीचे दोन अर्थ दिले आहेत. पहिला अर्थ खांद्यावरच्या लवचिक काठीचा, जिच्या दोन्ही टोकांना दोरीने सारखे ओझे टांगलेले असते, म्हणजे मराठी माणूस जिला कावड म्हणतो तिचा. आणि दुसरा अर्थ अशा काठीवरून नेल्या जाणाऱ्या टपालाचा. काठी वापरातून गेल्यावरही जिन्नस बंगी या नावानेच जात राहिली, अशी नोंद तेथे आहे. कोशकारांनी हिंदी रूप बहंगी, मराठी रूप बंगी आणि संस्कृत मूळ विहंगिका असे दिले आहे. विहंग म्हणजे आकाशात जाणारा, अर्थात पक्षी. खांद्याच्या दोन बाजूंना पसरलेली आणि चालण्याच्या लयीत वरखाली होणारी काठी पंखांसारखी दिसते, म्हणून ती विहंगिका. 

या व्युत्पत्तीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. वाहून नेणे या अर्थाचा ‘वह्’ हा धातू हाताशी असताना पक्ष्याकडे जाण्याचे कारण काय, बहंगी हा वह् पासून झालेला साधा लोकशब्द असेल आणि पंडितांनी त्याला मागाहून विहंगिका असे भारदस्त रूप दिले असेल, शिवाय संस्कृत ‘वि’चा ‘बि’ व्हायला हवा, ‘ब’ कसा झाला, असा तो आक्षेप आहे. त्यातील ध्वनीचा भाग टिकत नाही. संस्कृत विभीतक या झाडाचे हिंदीत बहेडा झाले, तेथेही ‘वि’ पुढच्या महाप्राणाच्या शेजारी ‘ब’ होऊन बसला. जी वाट बहेड्याला मोकळी होती ती बहंगीला बंद असण्याचे कारण नाही, आणि बहंगीतील ‘ह’ बोलण्यात गळला की बंगी उरते. राहिला पंडितांच्या कारागिरीचा मुद्दा. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील शूद्रवर्गात विहंगिका हा शब्द भारयष्टी, म्हणजे ओझ्याची काठी, याचा पर्याय म्हणून आलेला आहे, आणि अमरकोश हिंदी व मराठी लेखनाच्या आरंभापेक्षा कित्येक शतके जुना आहे. एखाद्या प्राकृत शब्दाला तेव्हाच संस्कृत वेश चढवला गेला असे मानले, तरी इतक्या प्राचीन काळी कोणाला तरी ओझ्याच्या काठीत पक्षी दिसला होता, एवढे निश्चित राहते. धातूचा पक्ष सोपा आहे. पक्ष्याचा पक्ष अधिक खरा वाटतो.

अमरकोशात तिथेच या काठीला टांगायच्या दोरीच्या जाळीसाठी शिक्य हा शब्द येतो, आणि तोच मराठी घरातील शिंके. दुधादह्याचे मडके मांजरापासून वाचवण्यासाठी शिंक्यात ठेवत, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु शिंके धक्काही गिळते, याकडे फारसे लक्ष जात नाही. १९९१ साली रॉजर क्रॅम यांनी लवचिक काठ्यांवर ओझे घेऊन धावणाऱ्या माणसाचा अभ्यास केला, तेव्हा धावणारा वरखाली होत असताना ओझे जवळजवळ एकाच उंचीवर राहते आणि खांद्यावरचा कमाल भार घटतो, असे दिसून आले. नाजूक जिनसेसाठी याहून चांगले वाहन रेल्वेपूर्व काळात नव्हते, आणि खेड्यातून बाजाराकडे जाणारी अंडीही याच काठीवरून गेली असणार.

टपाल या शब्दाच्या बाबतीत मात्र पक्ष्यापर्यंत जाण्याचा असाच मोह आवरावा लागतो. भाषाभ्यासक जॉन बीम्स यांनी टपालाचा संबंध ठसा उमटवण्याच्या ‘टप्पा’शी आणि त्याच ओघात ‘टापा’शी जोडला होता, आणि टापा म्हणजे कोंबड्या झाकायचा झाप किंवा डाल. तेलुगू कोशकार सी. पी. ब्राऊन यांनी फ्रेंच ‘एताप’ सुचवला, ज्याचा अर्थ मजल. कोंबडे झाकण्याच्या डालीतून टपाल निघाले असते तर ही कुळकथा फारच गोंडस झाली असती. परंतु टपाल नेणारे हरकारे ठरावीक टप्प्यांवर बदलत असताना टपालाला मजल या अर्थाच्या मराठी टप्प्यापासून दूर नेण्याची गरज नाही. डाल येथेच सोडून द्यावी.

बांधणीच्या इतिहासातील पुढच्या पायऱ्या परिचित आहेत. कॅनडात जोसेफ कॉइल यांनी १९११ साली प्रत्येक अंड्याला वेगळा खण देणारी कागदी पेटी केली, अमेरिकेत १ जानेवारी १९१३ रोजी पार्सल टपाल सुरू झाल्यावर शेतावरची अंडी घरपोच जाऊ लागली, आणि कागदाच्या लगद्याचा ३० अंड्यांचा ट्रे आज भारतात अनेक किराणा दुकानांत दिसतो. ही सारी प्रगती खाण्याच्या अंड्यासाठी झाली, ज्याचे कवच शाबूत राहिले की काम भागते. फलित अंड्याचा प्रश्न निराळा आहे. त्याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला राहिलेल्या महात्मा गांधींनी ‘आरोग्याची किल्ली’ या १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये लिहिलेल्या पुस्तकात फलित आणि निर्जीव अंड्यांत भेद केला होता. तो आहाराच्या नीतीसाठी होता, पण बांधणी करणाऱ्यालाही तोच भेद पहिल्याने पाहावा लागतो.

फलित अंड्यात पिवळा बलक दोन्ही टोकांकडून पांढऱ्या पिळदार दोऱ्यांनी टांगलेला असतो, आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी असते. म्हणजे अंडे स्वतःच एक शिंके आहे: दोन दोऱ्या आणि मध्ये लटकलेले ओझे. सततच्या हादऱ्यांनी या दोऱ्या ताणतात, हवेच्या पोकळीचे पातळ आवरण सुटून बुडबुडा अंड्यात फिरू लागतो, आणि कवचाला तडाही न जाता अंडे उबवणीला निकामी होते. म्हणून नुसती कठीण पेटी पुरत नाही. प्रत्येक अंडे कागदात वेगळे गुंडाळून, रुंद टोक वर ठेवून आतल्या पेटीत बसवावे, आणि ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत सर्व बाजूंनी कागदाच्या चुरगाळ्याने किंवा कोरड्या कुटाराने, म्हणजे पिकाच्या भुशाने, अधांतरी धरावी. हे पेटीत बांधलेले शिंकेच होय. अंडे कवचातील सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेते, त्यामुळे प्लास्टिकने हवाबंद करू नये.

कापसाच्या पुलगावात रुई भरपूर असली तरी तिची निवड करण्यापूर्वी विचार करावा, कारण ती ओल धरून ठेवते. खरा शत्रू मात्र विदर्भाचा उन्हाळा. अंडे साठवताना साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर २१ ते २४ अंशांच्या पुढे गर्भाची वाढ अर्धवट आणि विस्कळीत सुरू होऊ लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या प्रदेशातून अंडी पाठवणे म्हणजे वाटेतच उबवणीला लावून वाटेतच मारणे होय. आठवड्याहून जुनी अंडी घेऊ नयेत, आणि पाठवणी हिवाळ्यातच करावी.

पोहोचल्यावर अंडी लगेच यंत्रात किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत. टोकदार बाजू खाली करून ती १२ ते २४ तास न हलवता ठेवावीत, म्हणजे हवेची पोकळी पुन्हा आपल्या जागी बसते; त्यानंतरच २१ दिवसांची उबवणी मोजण्यास सुरुवात करावी.