सहा महिने आधी: 1999 चा डाव

तर मंडळी, 1999. एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली. इकडे मुख्यमंत्री नारायण राणे. विधानसभेची मुदत अजून बाकी होती, तरी युतीने ती आधीच विसर्जित करून लोकसभेसोबतच मतदान घेतलं.

मला हा डाव चुकीचा नाही, अर्धवट वाटतो. समोरचे आत्ताच फुटलेत, त्यांना जुळवून घ्यायला वेळच द्यायचा नाही, हे बरोबरच होतं. पण गेम थिअरी सांगते की शेवटच्या चालीपासून उलटं मागे या. आणि इथे शेवटची चाल मतदान नव्हतीच ना! ती होती सरकार बनवणं.

आता 288 जागांचा निकाल बघा. काँग्रेस 75, राष्ट्रवादी 58. शिवसेना 69, भाजप 56. म्हणजे एकमेकांविरुद्ध लढलेले दोघे मिळून 133, आणि हातात हात घालून लढलेले 125! बहुमताला हवे 145. प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर शेजारी बसल्या (सोनियांच्या परदेशी जन्माचा मुद्दा तेवढ्यापुरता गुंडाळला), छोटे पक्ष-अपक्ष सोबत घेतले आणि 18 ऑक्टोबरला विलासराव देशमुखांनी शपथ घेतली.

राणेंना मिळाले जेमतेम साडेआठ महिने. शिवसेना-भाजपला पुन्हा सत्तेत यायला 2014 उजाडलं.