जाते, यंत्र आणि समोरची बाई

देहूरोड स्थानकावर सकाळच्या लोकलसाठी कॉलेजची मुले मोबाइलमध्ये मान घालून उभी असतात. अशा मुलांपैकी काही जण आता मनातली घालमेल चॅटबॉटला सांगतात. तो हसत नाही आणि घरी कळवत नाही.

ही गोष्ट नवी वाटते, पण निर्जीव वस्तूपुढे मन मोकळे करण्याची रीत आमच्या मावळात जुनी आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेरची ओढ, सासरचा जाच, सारे बायांनी जात्याला सांगितले. जाते ऐकत असे. उत्तर देत नसे.

उत्तर देणारे यंत्र १९६६ साली जगापुढे आले. अमेरिकेतील एमआयटीचे जोसेफ वायझेनबाउम यांचा 'एलायझा' हा प्रोग्राम बोलणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारी. त्याला कळत काहीच नव्हते. तरीही, तो तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले! वायझेनबाउम हादरले. १९७६ च्या पुस्तकात त्यांनी बजावले की, माणसाची काही कामे यंत्राला करता आली तरी त्याच्यावर सोपवू नयेत. पुढे २०१७ मध्ये 'वोबॉट' हा चॅटबॉट १८ ते २८ वयाच्या ७० तरुणांवर अजमावला गेला. दोन आठवड्यांत तो वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणे कमी झाली. म्हणजे उपयोग आहे; पण तो प्रयोग इंग्रजीत होता.

मराठीत पहिल्याच वाक्याला अडचण येते. इंग्रजीत 'मी खचलो' आणि 'मी खचले' यांत फरक नाही. मराठी यंत्राला मात्र 'खचलास', 'खचलीस' की 'खचलात' हे ठरवावे लागते. चुकले, की मुलगी मोबाइल मिटते. शिवाय आमची मुले 'मला नैराश्य आले' असे कुठे म्हणतात? 'कशात जीव लागत नाही', 'डोकं बधिर झालंय' असे म्हणतात. नापास झालेला मुलगा 'आता गावी तोंड कसं दाखवू?' असे लिहितो, तेव्हा त्यात जिवाचा धोका असू शकतो. इंग्रजीवरून उतरवलेल्या शब्दयादीला तो दिसणार नाही.

म्हणून मराठी चॅटबॉट व्हावा, पण या बोलीवर घडवलेला. आणि जात्याची एक गोष्ट विसरू नये. दळायला पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत. ओवी दगडाला उद्देशून असली, तरी समोरची बाई ती ऐकत असे. यंत्रामागेही असे माणूस हवे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही माणसाशी बोलता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे क्रमांक वसतिगृहांत आणि वर्गांत ठळकपणे लावण्याचे निर्देश दिले. चॅटबॉटमध्येही तो क्रमांक पहिल्याच पानावर असावा, आणि धोक्याचे वाक्य येताच बोलणे माणसाच्या हाती जावे.