ग्वाल्हेरचा दमसास आणि चुलीचा धूर

ग्वाल्हेर हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात प्रथम गाणे उभे राहते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि पुढे त्या छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. देशावरची, कोकणातली आणि गोमंतकातली कितीतरी कुटुंबे शिंद्यांच्या चाकरीनिमित्त उत्तरेस गेली. त्याही आधी महादजींच्या काळी जिवबादादा केरकर बक्षी व लखबादादा लाड या सारस्वत सरदारांनी त्या दौलतीत नाव कमावले होते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. या लोकांनी आपल्याबरोबर आपली दैवते नेली, पंक्तीची रीत नेली आणि चूलही नेली. गाण्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या चुलीचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिला नाही. वस्तुतः दोहोंचाही संबंध एकाच गोष्टीशी आहे, ती म्हणजे माणसाचा श्वास.

ग्वाल्हेरच्या गायकीत दमसासाला फार मोल आहे. खुला आवाज, छातीतून निघणारा स्वर आणि एका श्वासात पेलली जाणारी दीर्घ तान ही त्या गायकीची ओळख होय. हस्सूखाँसाहेबांची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. बडे महंमदखाँ यांच्याशी चाललेल्या चढाओढीत 'कडक बिजली'ची तान घेताना त्यांची बरगडी सरकली आणि तोंडातून रक्त आले. आजोबा नत्थन पीरबक्ष यांनी, मरणारच असलास तर तान पुरी करून मर, असे सांगितले आणि नातवाने ती पुरी केली, असे परंपरा सांगते. या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती हे ठरविणे कठीण. पण श्वासाची किंमत प्राणांनी मोजावी लागते ही जाणीव त्या नगरीच्या स्मृतीत किती खोल रुजली होती, हे तीवरून दिसते.

या गायकीला महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांची कथा याहून बोधप्रद आहे. चंदूर या गावी १८४९ मध्ये जन्मलेल्या बुवांनी, हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी ग्वाल्हेरची विद्या संपादन केली. पुढे मुंबईत त्यांनी गायन समाज चालविला व 'संगीत दर्पण' हे मासिक काढले. परंतु दम्याने त्यांची पाठ धरली. गवयाला दमा जडावा याहून क्रूर थट्टा दुसरी कोणती? बुवांना मुंबई सोडावी लागली. मिरजेची कोरडी हवा, आणि पुढे इचलकरंजीच्या घोरपडे सरकारांचा आश्रय, यांच्या आधाराने त्यांनी आयुष्य नव्याने बेतले. मैफली गाजविण्याचे वय व्याधीने हिरावून घेतले, तेव्हा त्यांनी शिष्य घडविण्याकडे लक्ष वळविले. विष्णु दिगंबर पलुस्कर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि ती विद्या घरोघर पोचविली. बुवा १९२६ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास निवर्तले. व्याधी बरी झाली नाही, तरी तिच्यासह एक पुरे आयुष्य जगता आले.

अशा व्याधीला आपल्या वैद्यकात एक नेमका शब्द आहे: याप्य. साध्य म्हणजे बरी होणारी, असाध्य म्हणजे हाताबाहेर गेलेली आणि या दोहोंच्या मध्ये याप्य, म्हणजे निर्मूळ होत नाही पण पथ्य आणि उपचार यांच्या बळावर सांभाळता येते ती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वास नवा असेल तर बरा होऊ शकेल, एरवी तो याप्यच, असा निर्णय तेथे दिला आहे. त्याच प्रकरणात श्वासरोगाची कारणे सांगताना धूळ, धूर आणि वारा यांचा उल्लेख आरंभीच येतो. आणि विमानस्थानात, प्राण वाहणाऱ्या स्रोतसांचे एक मूळ हृदय आहे, असे म्हटले आहे. आजच्या शास्त्राचे सारे शोध चरकाला ठाऊक होते असे म्हणण्याचा अतिरेक कोणी करू नये. परंतु धूर, श्वास आणि हृदय ही तीन पदे आपल्या परंपरेत एकाच ग्रंथात होती, एवढे मात्र खरे. त्यांना जोडणारा धागा सापडावयास पुष्कळ काळ जावा लागला.

बुवांचा दमा इतिहासात नोंदला गेला, कारण ते थोर गायक होते. आता ज्यांची नोंद झाली नाही त्यांच्याकडे वळू. ग्वाल्हेरचा हिवाळा कडाक्याचा. दारे-खिडक्या लावून घेतलेले माजघर, त्यात कोळशाची शेगडी, शेजारच्या स्वयंपाकघरात लाकडांची आणि गोवऱ्यांची चूल, आणि तिच्यासमोर पहाटेपासून बसलेली घरची गृहिणी. हे चित्र लष्करातील मराठी वाड्यात होते, तसेच भोवतालच्या हिंदी भाषक घरांतही होते. ओले सरपण पेटेना म्हणून फुंकणीने फुंकावे, धुराने डोळे भरून यावेत, तो पदराने टिपावा आणि पुन्हा फुंकावे. सोवळ्यातील स्वयंपाक, नैवेद्य, पंक्ती, पुन्हा संध्याकाळची चूल. असे चाळीस-चाळीस वर्षे. चाळिशीनंतर तिला खोकला लागे, जिना चढताना धाप लागे, पुढे पावले सुजत, पोट जड होई, रात्री उशाला दोन उशा घेऊन बसून राहावे लागे. घरातले म्हणत, वय झाले. कोणी म्हणत, वात आहे. चुलीवर संशय घेण्याचे कोणाच्या मनात येत नसे. ज्या अग्नीला नैवेद्याआधी आपण घास घालतो, त्याच्यावर ठपका तरी कसा ठेवावा?

ज्या हवामानात व ज्या चुलींपुढे ग्वाल्हेरच्या स्त्रिया राबत होत्या, तसलेच जिणे उत्तरेस सुमारे तीनशे किलोमीटरांवर दिल्लीतील गरीब वस्तीतल्या स्त्रियांचे होते. हा संशय प्रथम रीतसर तपासला गेला तो तेथेच, आणि तपासणारी व्यक्तीही एक स्त्रीच होती. डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांचा जन्म १९१७ मध्ये ब्रह्मदेशात झाला. जपानी आक्रमणामुळे १९४२ मध्ये त्या भारतात आल्या. पुढे इंग्लंड-अमेरिकेत हृद्रोगाचा अभ्यास करून १९५३ मध्ये त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. १९५९ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या उतारवयाच्या पुरुषांचा मानला जाई. येथे मात्र स्त्रिया मोठ्या संख्येने आढळल्या. त्यांच्यात धूम्रपान विरळा होते. मग त्यांच्या छातीत धूर आला कोठून? छातीचे वारंवार होणारे आजार आणि लहानपणापासून श्वासावाटे आत जाणारा गोवऱ्या-लाकडांचा धूर, या उत्तराकडे डॉ. पद्मावतींनी बोट दाखविले. पुढेही त्यांनी हा विषय सोडला नाही. त्यांचे निधन २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी झाले.

या विकाराला डॉक्टर मंडळी 'कॉर पल्मोनाल' म्हणतात. आपण त्यास फुप्फुसजन्य हृद्रोग म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने १९६१ च्या अहवालात त्याची व्याख्या निश्चित केली. त्याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. कुळागरात पाटाचे पाणी देणारा माणूस ज्या वाफ्यात पाणी वाया जाते, त्याचे तोंड मातीने बंद करतो आणि पाणी दुसरीकडे वळवितो. फुप्फुसही असेच वागते. ज्या भागात प्राणवायू पोचत नाही, त्या भागाकडील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडिश संशोधकांनी १९४६ मध्ये हे दाखवून दिले. थोड्या भागापुरती ही योजना हिताची असते. परंतु वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका अरुंद झाल्या, फुप्फुसाचे पुडे फाटले आणि चोहीकडेच प्राणवायूचा तुटवडा पडला, म्हणजे सगळ्याच वाफ्यांची तोंडे बंद होऊ लागतात. मग सारा ताण बांधावर येतो. हा बांध म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. तो स्वभावतः पातळ भिंतीचा, हलक्या कामाचा. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता त्याची भिंत जाड होते, मग तो फुगतो आणि अखेर थकतो. मागे तुंबलेल्या रक्ताने मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढते, पायांवर सूज येते. पायाची सूज पाहून वात म्हणणाऱ्या घराला, ती सूज छातीतून आणि छातीतली व्याधी चुलीतून आली आहे, हे कळावे तरी कसे?

या ज्ञानाचा रुग्णास उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९८१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने दिले. अशाच ८७ रुग्णांपैकी ४२ जणांना घरीच दररोज किमान १५ तास प्राणवायू देण्यात आला, ४५ जणांना तो दिला गेला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ जण दगावले, दुसऱ्यातले ३०. व्याधी गेली नाही, पण आयुष्य वाढले. याप्य या शब्दाचा अर्थ आकड्यांनी सांगायचा तर तो हाच. मात्र हा उपाय रक्तातील प्राणवायू खरोखरीच पुरेसा घटलेल्यांसाठी आहे. तो डॉक्टरांनी मोजून ठरवावा. आपल्या मनाने त्याचे प्रमाण वाढविले तर काही रुग्णांस अपाय होतो. बाकीचे पथ्य सोपे आणि चिकाटीचे आहे. विडी व धूर वर्ज्य करणे, श्वासावाटे घ्यावयाची औषधे नियमाने घेणे, लस टोचून घेणे, झेपेल तेवढे चालणे, आणि पायांवर सूज असेल तर मीठ आवरून डॉक्टरांनी दिलेले लघवीचे औषध न चुकविणे.

ग्वाल्हेरपुरते बोलायचे तर तेथे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून उभे आहे, त्याच्याशी जोडलेले जयारोग्य रुग्णालय तर त्याहूनही जुने. तरीही २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील शहरांच्या हवेची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा अतिसूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेरचा क्रमांक दुसरा लागला. त्या हवेच्या एका घनमीटरात वर्षाची सरासरी १७६ मायक्रोग्रॅम धूलिकणांची होती. संघटनेने तेव्हा सुचविलेली मर्यादा १० होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात या शहराचा समावेश झाला आहे. ज्या नगरीने दमसास हे दैवत मानले, तिच्या वाट्याला ही हवा यावी, हे मनाला लागते.

चुलीचा धूर घालविण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत घडलेली मगन चूल आणि हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५० नंतर प्रचारात आणलेली धुराड्याची चूल, या दोहोंचा हेतू एकच होता: अग्नी घरात राहावा, धूर बाहेर जावा. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरीब घरांपर्यंत नेली. तरी सिलिंडर संपला की पुन्हा सरपणाकडे वळणारी घरे आजही आहेतच.

आपल्या देवस्थानांनी या बाबतीत काय करावे? महाप्रसादाच्या आणि समाराधनेच्या दिवशी शेकडो पानांचा स्वयंपाक ज्या खोलीत होतो, तेथे उंच धुराडे आणि मोकळी खिडकी आहे काय, हे विश्वस्तांनी एकदा स्वतः आत उभे राहून पाहावे. आचारी आणि भाजी चिरावयास बसणाऱ्या वयस्क बायका यांची छाती ही देवस्थानाची जबाबदारी आहे. तसेच, नाकाला प्राणवायूची नळी असलेल्या माणसाने निरांजन, समई वा पेटती उदबत्ती यांजजवळ जाऊ नये. प्राणवायूच्या सान्निध्यात ज्योत भडकते आणि क्षणात अनर्थ होतो. धूपाचा दाट धूर तर आधीच रुग्ण असलेल्या छातीला सोसवत नाही. अशा भक्ताने दुरून हात जोडावेत, घरच्यांनी आरती त्याच्या वतीने करावी. देवाला यात काही उणे वाटत नाही.

बाळकृष्णबुवांना व्याधी ओळखता आली, हवा बदलता आली आणि शिष्यांच्या रूपाने आपला दमसास पुढे चालविता आला. चुलीपुढे बसलेल्या आपल्या आज्यांना यांपैकी काहीच मिळाले नाही. त्यांच्या खोकल्याला आपण म्हातारपण म्हटले. आज घरातील एखादी बाई जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरत असेल, तिच्या पावलांवर संध्याकाळी सूज दिसत असेल, तर तिला वयाचा दाखला देऊ नये. तिची छाती आणि हृदय दोन्ही तपासून घ्यावे, आणि ती ज्या धुरात बसते तो धूर आधी घराबाहेर काढावा.